दहावा माणूस : बेने इस्रायलांच्या इतिहासातून

ज्यू धर्मपरंपरेत सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षे पूर्ण केलेले किमान दहा पुरुष हजर असावे लागतात. या दहांच्या समूहाला ‘मिन्यान’ म्हणतात. मिन्यान भरल्याखेरीज काही महत्त्वाच्या प्रार्थना म्हणता येत नाहीत आणि तोराह ग्रंथाचे सार्वजनिक वाचनही करता येत नाही. हा नियम वरवर पाहता मोठा समतेचा आहे. नऊ पंडित जमले तरी संख्या अपुरी राहते. दहावा म्हणून एखादा अक्षरशत्रू हमाल आला तर ती पुरी होते. देवापुढे उभे राहताना पंडिताला हमालाची गरज पडते, हे त्या नियमाने शतकानुशतके शिकवले.

पण संख्येच्या नियमापाठोपाठ एक अवघड प्रश्न येतो. मोजायचे कोणाला? दारात उभा असलेला मनुष्य आपल्यापैकी आहे की नाही, हे कोणी ठरवायचे आणि कशावरून? या प्रश्नाने जगभरच्या ज्यू समाजाला वेळोवेळी अस्वस्थ केले आहे. आपल्या कोकणात तर तो अस्सल मराठी भाषेत विचारला गेला, मराठी माणसांनीच त्याचे चटके सोसले आणि मराठी माणसांनीच त्याची काही उत्तरे शोधली. त्या इतिहासाचा हा धावता आढावा आहे.

आमच्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात ज्यूंचे प्रार्थनामंदिर नाही. मग इथल्या कॅथलिक कुटुंबांनी हा इतिहास का वाचावा, असे कोणी विचारील. एक कारण उघड आहे. आपला प्रभू ज्यू होता, त्याची माता ज्यू होती आणि त्याचे बाराही प्रेषित ज्यू होते. दुसरे कारण लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरे. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अनेक शतकांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून वाचले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या जिवंत राहिल्या. बुडालेल्यांचे देह नवगावातच पुरले. वाचलेल्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे हिब्रू भाषाही विस्मरणात गेली. त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शेती केली. गावावरून त्यांना आडनावे पडली. किहीमचे ते केहिमकर, दिव्याचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर, अष्टमीचे ते अष्टमकर. पोशाख, बोली, स्वयंपाक सारे कोकणी झाले. तरी काही गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. मुलाची सुंता आठव्या दिवशी व्हायची. खवले नसलेला मासा चुलीवर चढत नसे. एकाच देवाची ग्वाही देणारी ‘शमा’ ही प्रार्थना तेवढी तोंडपाठ राहिली होती आणि प्रत्येक धर्मविधीला तीच म्हटली जाई. शनिवारी घाणा बंद राही, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ असे नाव दिले.

त्यांच्या सणांची नावेही मराठी होती. नव्या वर्षाचा तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात बसायचे, म्हणून तो ‘दारफळणीचा सण’. संदेष्टा एलिया हा त्यांचा विशेष श्रद्धेचा विषय. तो अलिबागजवळच्या खंडाळे गावी येऊन गेला, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्याच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा ‘मलिदा’ केला जातो. जगातील इतर ज्यूंमध्ये तो आढळत नाही.

या विखुरलेल्या लोकांना दावीद रहाबी नावाच्या ज्यू व्यक्तीने प्रथम ओळखले, असे परंपरा सांगते. स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले असता त्यांनी पर व खवले असलेले मासे तेवढे निवडून घेतले. त्यावरून हे लोक ज्यू आहेत अशी त्याची खात्री पटली. ही कथा विचार करण्याजोगी आहे. त्या पाहुण्याने वंशावळीची मागणी केली नाही. शतकांच्या विस्मृतीतही टिकून राहिलेली निष्ठा त्याने पाहिली आणि या लोकांना आपले म्हटले. पुढे त्याने तीन जणांना शिकवून काजी नेमले. बेने इस्रायलांच्या आठवणीतील हा पहिला स्वीकार होय.

अठराव्या शतकात बेने इस्रायल कुटुंबे मुंबईत येऊ लागली. काही जण कंपनी सरकारच्या फौजेत शिरले. त्यांपैकी सामाजी हसाजी दिवेकर, हिब्रू नाव सॅम्युएल इझिकेल, हा म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. सुटून आल्यावर कृतज्ञतेपोटी त्याने 1796 साली मुंबईत ‘शआर हारहमीम’, म्हणजे ‘कृपेचे द्वार’, हे सिनेगॉग बांधले. मुंबईचे हे पहिले सिनेगॉग. बेने इस्रायल लोक आपल्या प्रार्थनास्थळाला ‘मशीद’ म्हणत. जवळच्या मशीद बंदर स्थानकाचे नाव याच वास्तूवरून पडले, असे सांगितले जाते. रेवदंडा (1842), अलिबाग (1848), पनवेल (1849) अशी एकामागून एक सिनेगॉग उभी राहिली. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. त्यांनी ते शिकले आणि त्याच्या आधारे आपल्याच धर्माची मुळे घट्ट केली. धर्मांतर फारच थोड्यांनी केले. 1846 साली वल्हांडण सणाची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली.

‘कृपेचे द्वार’ असे मोठे नाव दिलेल्या सिनेगॉगच्या आत मात्र एक अदृश्य भिंत होती. बेने इस्रायल समाजात ‘गोरा इस्रायल’ आणि ‘काळा इस्रायल’ असे दोन गट होते. दोन्ही बाजूंचे पूर्वज इस्रायलच होते असे मानणारे ते गोरे. ज्यांच्या वंशात कधीकाळी बाहेरची स्त्री आली, असे समजले जाई ते काळे. ही नावे कातडीच्या रंगावरून होती असे म्हणवत नाही, कारण रंगावरून दोघांना वेगळे ओळखणे अवघडच होते. दोघेही शनिवार पाळत आणि एकाच छपराखाली तीच शमा म्हणत. तरी गोरे काळ्यांशी सोयरीक करीत नसत आणि त्यांच्या पंगतीला बसत नसत. भोवतालच्या जातिव्यवस्थेचे पाणी या छोट्या समाजाच्या मुळांत असे झिरपले होते. ज्या धर्माच्या शास्त्रात जातीला आधार नाही, त्या धर्माच्या लोकांनीही जात शेजाऱ्याकडून उसनी घेतली. ख्रिस्ती वाचकाने या ठिकाणी क्षणभर थांबावे. आपली स्थिती याहून निराळी होती काय?

याच सुमारास मुंबईत दुसरे ज्यू आले. बगदाद, बसरा आणि आसपासच्या मुलखांतून आलेले हे अरबी भाषक व्यापारी ‘बगदादी ज्यू’ म्हणून ओळखले जातात. त्यांचे अग्रणी डेव्हिड ससून 1832 साली मुंबईत स्थायिक झाले. सुरुवातीला या पाहुण्यांना स्वतःचे सिनेगॉग नव्हते. ते बेने इस्रायलांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना करीत आणि त्यांचे मृत बेने इस्रायलांच्या दफनभूमीतच विसावत. पण 1836 साली त्यांच्यातील काही प्रमुखांनी सरकारकडे अर्ज केला की, या दफनभूमीत दोन्ही समाजांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्यावी. यजमानाच्या अंगणात पाहुण्याने मागितलेली ही भिंत होती, आणि तीही मृतांसाठी.

पुढे बगदाद्यांनी स्वतःची भव्य सिनेगॉग बांधली. भायखळ्याचे ‘मागेन डेव्हिड’ 1861 चे, पुण्यातले ‘लाल देऊळ’ 1867 चे, मुंबईच्या कोटातले निळे ‘केनेसेथ एलियाहू’ 1884 चे. ससून घराण्याच्या दानधर्माविषयी महाराष्ट्राने कृतज्ञच राहावे. पण त्यांच्या सिनेगॉगमध्ये आलेल्या बेने इस्रायलाला पुष्कळदा दहांत मोजले जात नसे आणि तोराहच्या वाचनासाठी पुढे बोलावले जात नसे.

न्यायाने बोलायचे तर बगदाद्यांची बाजूही सांगितली पाहिजे. ज्यू धर्मशास्त्रात घटस्फोटाचे आणि निपुत्रिक विधवेच्या पुनर्विवाहाचे काटेकोर नियम आहेत. धर्मग्रंथांपासून शतकानुशतके तुटलेल्या बेने इस्रायलांनी ते पाळले असतील काय, आणि नसतील तर त्यांच्या संततीशी विवाह चालेल काय, ही शंका शास्त्री मंडळींना खरोखर वाटत होती. परंतु शास्त्राच्या शंकेआड दुसराही हिशेब होता. इंग्रजी अमदानीत युरोपियन म्हणून गणले जाण्यात मान होता, सवलती होत्या. मराठी बोलणारे सावळे सहधर्मी शेजारी उभे राहिले की त्या दाव्याला बाध येई. धर्माची शंका आणि प्रतिष्ठेची हाव एकाच माणसाच्या मनात शेजारी-शेजारी नांदू शकतात. कोणती कुठे संपते, हे त्यालाही कित्येकदा कळत नाही.

आता या इतिहासातील सर्वांत बोचरी गोष्ट पाहा. ‘तुमच्या वंशात बाहेरचे रक्त मिसळले आहे’ हा बगदाद्यांचा आक्षेप ऐकून बेने इस्रायल दुखावले, आणि ते योग्यच होते. पण नेमका तोच आक्षेप गोरा इस्रायल पिढ्यानुपिढ्या काळ्या इस्रायलावर घेत आला होता. एका दारात जो अपमान सोसावा लागला, तोच दुसऱ्या दारात आपण करीत होतो, हे उमगायला काळ जावा लागला. कोचीनमध्येही हेच घडले. तिथे ‘परदेसी’ ज्यूंच्या 1568 सालच्या सिनेगॉगमध्ये मुक्त केलेल्या गुलामांचे वंशज म्हणून काही कुटुंबांना बरोबरीचे हक्क नव्हते. त्यांच्यातील वकील अब्राहम बराक सालेम (1882–1967) यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचे शस्त्र सिनेगॉगच्या आत वापरले, तेव्हा कुठे हळूहळू ती बंधने सैल झाली.

बेने इस्रायलांनी या अपमानाला तीन प्रकारे उत्तर दिले आणि तिन्ही प्रकार सभ्य होते. पहिला मार्ग विद्येचा. जोसेफ इझिकेल राजपूरकर (1834–1905) यांनी हिब्रूवर प्रभुत्व मिळवून प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली आणि बगदाद्यांनीच चालवलेल्या डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 साली समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली आणि आपल्या लोकांचा इतिहास लिहिला. तो त्यांच्या मृत्यूनंतर 1937 साली प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर मोशे, योसेफ, दावीद यांची चरित्रे मराठी कीर्तनांतून गायली जाऊ लागली.

दुसरा मार्ग न्यायालयाचा. रंगूनच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्रायलांना मताचा आणि विश्वस्तपदाचा अधिकार नाकारण्यात आला, तेव्हा ते न्यायालयात गेले आणि 1935 साली रंगूनच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

तिसरा मार्ग अंतर्गत सुधारणेचा आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्रायल समाजातील नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ. पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या त्या प्रमुख झाल्या आणि 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. लंडनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेत असताना त्यांचा तिथल्या उदारमतवादी ज्यू चळवळीशी परिचय झाला. मुंबईत परतल्यावर 1925 साली त्यांच्या पुढाकाराने ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ स्थापन झाली आणि तिच्यातून ‘रोदेफ शालोम’ ही मंडळी उभी राहिली. तिचे नाव ‘शांतीचा पाठपुरावा करणारा’ या अर्थाचे आहे. लोकांना समजेल अशा भाषेत प्रार्थना आणि उपासनेत स्त्रियांना मानाचे स्थान, यांवर तिने भर दिला. लेखाच्या आरंभी सांगितलेल्या नियमात ‘दहा पुरुष’ असे शब्द होते, हे वाचकांच्या ध्यानात असेलच. दहावा काळा चालेल की नाही याचा वाद घालणाऱ्यांना दहावी स्त्री का चालू नये, हा प्रश्न सुचलाच नव्हता. तो प्रश्न मराठी घरातल्या एका कन्येने दारापाशी आणला. आपल्या चर्चमध्ये लोकभाषेतील मिस्सा दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर, म्हणजे सुमारे चार दशकांनी आली, हेही लक्षात घ्यावे.

स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. 1948 साली इस्रायल राष्ट्राचा जन्म झाला आणि बहुसंख्य कुटुंबे क्रमाक्रमाने तिकडे गेली. पण वचनदत्त भूमीच्या दारातही जुना प्रश्न उभाच होता. भेदभावाच्या तक्रारीवरून 1951-52 मध्ये काहींनी धरणे धरले आणि काही कुटुंबे भारतात परतलीसुद्धा. 1962 साली तिथल्या प्रमुख धर्मपीठाने आदेश काढला की, बेने इस्रायल व्यक्ती इतर ज्यूशी विवाह करणार असेल तर तिच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. हा आदेश त्यांच्यापुरताच होता. अलिबागच्या घाण्यावर शनिवार पाळणाऱ्या आजोबांचा दाखला नातवाने कोठून आणायचा? लोक रस्त्यावर आले. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी दीर्घ काळ निदर्शने केली. त्या वर्षी 17 ऑगस्टला इस्रायलच्या संसदेने जाहीर केले की, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत आणि त्यांच्या हक्कांत कोणताही फरक नाही. त्यानंतर धर्मपीठाने आदेशातून त्यांचा खास उल्लेख काढून टाकला. गोरा-काळा हा भेदही विसाव्या शतकात विरत गेला.

हा इतिहास सांगताना ख्रिस्ती माणसाने न्यायासनावर बसू नये. ज्यूंना दाराबाहेर ठेवण्यात आपणही मागे नव्हतो. गोव्यात 1560 साली धर्मन्यायालय सुरू झाले. मुंबई बेट ज्यांच्याकडे खंडाने होते ते विद्वान वैद्य गार्सिया द ओर्ता जन्माने ज्यू वंशाचे नवख्रिस्ती होते. त्यांची बहीण कतारिना हिला 1569 साली जिवंत जाळले आणि 1580 साली खुद्द त्यांच्या अस्थी उकरून जाळल्या. बाप्तिस्मा घेतलेल्याचेही रक्त तपासले गेले. संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ज्यू आणि ग्रीक हा भेद ख्रिस्तात उरत नाही असे सांगितले. ते पत्र वाचणाऱ्यांच्या हातून हे घडले. शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतील ज्यूंविषयीचा अवमानकारक शब्द पोप तेविसावे जॉन यांनी 1959 साली काढला आणि 28 ऑक्टोबर 1965 रोजी विश्वपरिषदेने ज्यूद्वेषाचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. आपले दारही उघडायला फार उशीर लागला.

आणि आपल्या अंगणात काय? गोव्यातील कित्येक गावांत धर्मसंघांचे झगे जातीनुसार वाटलेले होते. आजही सोयरीक जुळवताना जात विचारणारी कॅथलिक घरे आहेत. आमचा डोंगरपट्टाही याला अपवाद नाही. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. 1948 साली ते विलीन झाले. इथे महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकूर, कातकरी अशा अनेक जमाती राहतात आणि त्यांच्यातही उच्च-नीचतेच्या जुन्या पायऱ्या आहेत. कातकरी बहुधा शेवटच्या पायरीवर. बाप्तिस्म्याच्या पाण्याने या पायऱ्या आपोआप वाहून जातात असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. त्या जाणीवपूर्वक फोडाव्या लागतात.

दुसरी गोष्ट याहूनही तातडीची आहे. भातकापणी आटोपली की जव्हार-मोखाड्याची शेकडो कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांत आपली ख्रिस्ती कुटुंबे असली आणि एखाद्या रविवारी अंगावरची माती झटकून ती तिथल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर येऊन बसली, तर त्यांना कोणी नाव विचारते काय? वाचन करायला, अर्पणे वेदीपर्यंत न्यायला, गायनवृंदात उभे राहायला त्यांना पुढे बोलावले जाते काय? त्यांची मुले आठ महिने कोणत्या धर्मग्रामाची? मिन्यानमध्ये न मोजलेल्या बेने इस्रायलाचे दुःख समजून घ्यायला पुस्तके लागत नाहीत. मागच्या बाकाकडे पाहिले तरी पुरे. आपल्या चर्चमध्ये दहांची अट नाही, म्हणून कोणाला मोजले नाही हे आपल्या लक्षातही येत नाही. हा आपल्या सोयीच्या नियमाचा धोका आहे.

आज साऱ्या भारतात मिळून ज्यू बांधव पाच हजारांच्या आत उरले आहेत. महाराष्ट्र शासनाने 2016 साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. बगदादी ज्यू तर बोटांवर मोजण्याइतके राहिले. कोटातल्या निळ्या केनेसेथ एलियाहूचे 2019 साली सुरेख नूतनीकरण झाले. पुण्याचे लाल देऊळही उभे आहे. शब्बाथच्या दिवशी या वास्तूंत प्रार्थना होते. ती होण्यासाठी जे दहा जण लागतात, त्यांत आता बहुतेक बेने इस्रायल असतात. ज्यांच्या आजोबांना त्या दाराच्या आत मोजले जात नव्हते, त्यांच्या नातवांमुळे ते दार आज उघडे आहे. त्यांनी सूड म्हणून पाठ फिरवली असती तर ससूनांची मंदिरे केव्हाच कुलूपबंद झाली असती.

ज्याला आपण आज मोजत नाही, त्याच्याच खांद्यावर उद्या आपली प्रार्थना उभी राहणार असेल, हे प्रत्येक धर्ममंडळीने ध्यानात ठेवावे. पुढच्या रविवारी मागचा बाक रिकामा आहे की भरलेला, हे पाहायला फार वेळ लागत नाही.